प्रश्न एका गादीचा

२१ ऑगस्ट २००४ च्या रात्री अथेन्सच्या ऑलिंपिक मैदानावर भारताची एक तरुणी घोट्याला पट्टी बांधून ८०० मीटरच्या शर्यतीसाठी रेषेवर उभी राहिली. काही तासांपूर्वी भालाफेकीत तिचा पाय दुखावला होता आणि तिला मैदानाबाहेर न्यावे लागले होते. ती परतेल असे फारसे कोणाला वाटले नसावे. ती परतली, २ मिनिटे १७.२८ सेकंदांत तिने शर्यत पुरी केली आणि हेप्टॅथलॉनमध्ये ६१७२ गुणांसह अकरावा क्रमांक मिळवला. तिचे नाव जे. जे. शोभा. गाव पशुपतिहाळ, धारवाडजवळचे. नोकरी दक्षिण मध्य रेल्वेत, सिकंदराबादला.

त्या दिवसांत वृत्तपत्रांनी तिच्या जिद्दीचे मनःपूर्वक कौतुक केले. पुढे तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. परंतु आपल्या देशात जिद्दीचे कौतुक हे बहुधा हिशोब टाळण्याचे साधन असते. शेतकरी जिद्दी, अंगणवाडी सेविका जिद्दी, पट्टी बांधून धावणारी मुलगीही जिद्दी. मग ज्यांनी साधने पुरवायची त्यांना कोणी काही विचारायचे कारणच उरत नाही. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. त्यामुळे कौतुकाला हरकत न घेता हिशोब मांडण्याची खोड मला आहे. शोभाच्या कारकिर्दीचा हिशोब मांडावा असे आज वाटते, कारण अहमदाबादेत २०३० साली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरवण्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरले आहे आणि २०३६ च्या ऑलिंपिकचे यजमानपद मागणारे पत्र भारताने ऑक्टोबर २०२४ मध्येच धाडले आहे. कोट्यवधी रुपये कोठे ओतायचे याचे निर्णय होत असताना एका निवृत्त खेळाडूच्या गुणपत्रिकेतून काही शिकता येते काय, हे पाहणे निरर्थक ठरू नये.

हेप्टॅथलॉन म्हणजे दोन दिवसांत सात प्रकारांची एकत्र स्पर्धा. पहिल्या दिवशी १०० मीटर अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळाफेक आणि २०० मीटर धावणे. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक आणि ८०० मीटर धावणे. प्रत्येक कामगिरीचे ठरलेल्या सूत्राने गुणांत रूपांतर होते आणि सातांची बेरीज हा निकाल. स्त्रियांसाठी हा प्रकार ऑलिंपिकमध्ये १९८४ पासून आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही स्पर्धा फार बोलकी वाटते. खेळाडूचे कोणते अंग भरले आहे आणि कोणते रिकामे राहिले आहे, हे ती आकड्यांत उघड करते. एकाच शर्यतीत धावणाऱ्या खेळाडूचे दारिद्र्य झाकून जाऊ शकते. सात प्रकारांत ते कोठे तरी बाहेर डोकावतेच.

आता शोभाची अथेन्सची गुणपत्रिका पाहू. अडथळ्यांची शर्यत १३.५३ सेकंद, १०४६ गुण. उंच उडी १.६७ मीटर, ८१८. गोळाफेक १२.५२ मीटर, ६९६. दोनशे मीटर २३.४१ सेकंद, १०३८. लांब उडी ६.३६ मीटर, ९६२. भालाफेक ४४.३६ मीटर, ७५१. आठशे मीटर, दुखऱ्या पायाने, ८६१.

त्या स्पर्धेत स्वीडनची कॅरोलिना क्लुफ्त ६९५२ गुण मिळवून विजयी झाली. ती असामान्य खेळाडू. तिच्याशी तुलना कोणालाच जड जाईल. म्हणून कांस्यपदक मिळवणारी ब्रिटनची केली सॉदर्टन घ्या. तिचे गुण ६४२४. शोभा आणि कांस्यपदक यांत अंतर २५२ गुणांचे. हे अंतर कोठून आले? दोनशे मीटरमध्ये शोभा तिच्यापेक्षा वेगवान होती. भाला तर शोभाने तिच्यापेक्षा सात मीटरहून अधिक लांब फेकला; तेथे आपली आघाडी १३८ गुणांची. अडथळ्यांत फरक अवघा १३ गुणांचा. लांब उडीत ४८, गोळाफेकीत ५१, आणि पट्टी बांधलेल्या पायाने धावलेल्या ८०० मीटरमध्ये ७१. उरली उंच उडी. सॉदर्टनने १.८५ मीटर पार करून १०४१ गुण मिळवले. शोभाचे ८१८. एकट्या उंच उडीत २२३ गुण गेले. इतर सहा प्रकारांची वजाबाकी-बेरीज केली तर दोघींमध्ये अंतर राहते फक्त २९ गुणांचे.

यावर एक ठरीव उत्तर असते. आपल्या मुलींची शरीरयष्टीच उड्यांसाठी नाही, असे ते उत्तर. एखाद्या खेळाडूची उंची, बांधा, अंगभूत कल या गोष्टींचा वाटा असतोच आणि तो मी नाकारत नाही. परंतु सबंध समाजाच्या मागासलेपणाचे कारण त्याच्या शरीरात शोधण्याची सवय जुनी आहे. गिरणी कामगार मुळातच आळशी आणि शूद्र मुळातच मंदबुद्धी असे सांगणाऱ्यांचीच ती सवय. तिला आकड्याने उत्तर देता येते. २९ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत जलपैगुडीच्या स्वप्ना बर्मनने ६०२६ गुणांसह हेप्टॅथलॉनचे सुवर्णपदक जिंकले. या प्रकारात आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. तिने उंच उडीत पार केलेली दांडी १.८२ मीटरवर होती. गुण १००३. म्हणजे शोभापेक्षा १८५ अधिक. स्वप्नाचे वडील सायकल-रिक्षा ओढत, आई चहाच्या मळ्यात मजूर होती. कोणत्या खास वंशाचे किंवा खास आहाराचे हे फळ म्हणायचे? ती घडली कोलकात्याच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात. तेथे मार्गदर्शक होता, सरावाची जागा होती आणि पडायला गादी होती.

गादी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. १९६८ साली मेक्सिको सिटीत डिक फॉसबरी याने पाठ दांडीकडे करून उलटे झेपावण्याच्या पद्धतीने २.२४ मीटर उंच उडी मारून सुवर्णपदक मिळवले. तेव्हापासून जगाची उंच उडी बदलली. परंतु ही पद्धत कोणत्या अटीवर शक्य झाली? खेळाडू पाठीवर, मानेवर पडणार. तेव्हा खाली फोमची जाड गादी हवी. वाळूच्या खड्ड्यात अशी उडी मारणे म्हणजे मान मोडून घेणे. ज्या तालुक्यात गादी नाही, त्या तालुक्यातील मुलगी कितीही चपळ असो, ती पायांवर उतरण्याची जुनी कात्री-उडीच शिकणार. तिच्या कौशल्याची कमाल मर्यादा तिच्या स्नायूंनी ठरवण्याआधीच पंचायत समितीच्या अंदाजपत्रकाने ठरवलेली असते. मी ज्या महाविद्यालयात शिकवत असे, तेथे उडीसाठी एक खड्डा होता. पावसाळ्यात त्यात पाणी साचे आणि उन्हाळ्यात गावातील कोणी तरी त्यातील वाळू बांधकामासाठी उचलून नेई. वार्षिक क्रीडा महोत्सवाच्या आदल्या दिवशी नवी वाळू येई आणि अध्यक्षांच्या हस्ते नारळ फुटे. त्या खड्ड्यात उडी मारणाऱ्या मुलींपैकी कोणाच्या अंगी काय होते, हे तपासण्याचे साधनच आमच्यापाशी नव्हते. धावणे तेवढे आम्ही ओळखू शकत होतो, कारण धावायला जमीन पुरते.

भारतीय स्त्रियांची ॲथलेटिक्समधील परंपरा प्रामुख्याने धावण्याची का, याचे एक कारण येथे सापडते. श्रम आमच्याकडे मुबलक आहे, भांडवल नाही. जेथे केवळ श्रम पुरतो तेथे आम्ही जगाच्या जवळ जातो आणि जेथे श्रमाला साधनाची जोड लागते तेथे मागे पडतो. शोभाच्या गुणपत्रिकेत दोनशे मीटरचे १०३८ आणि उंच उडीचे ८१८ शेजारी शेजारी लिहिलेले आहेत. अविकसित अर्थव्यवस्थेचे याहून नेमके वर्णन मला पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळले.

शोभाची पदके आशियाई पातळीवरची आहेत, म्हणून ती दुय्यम असे मानणारा एक वर्ग आहे. ऑलिंपिकखाली त्याची नजर उतरत नाही. पण देशातील क्रीडाव्यवस्थेचे खरे मोजमाप याच प्रादेशिक स्पर्धांत होते. २००२ साली बुसानच्या आशियाई स्पर्धेत चीनच्या शेन शेंगफेइने ५९११ गुणांनी सुवर्ण मिळवले. राणाघाटची सोमा विश्वास ५८९९ गुणांसह दुसरी आणि शोभा ५८७० गुणांसह तिसरी आली. सुवर्ण आणि रौप्य यांत १२ गुण. उंच उडीत दांडी एका पायरीला ३ सेंटिमीटरने वर चढते आणि या पातळीवर ती एक पायरी सुमारे ३६ गुणांची असते. सोमाचे सुवर्ण एका पायरीच्या तिसऱ्या हिश्श्याने गेले. शोभाचे ४१ गुणांनी, म्हणजे एका पायरीहून थोड्या अधिक अंतराने. २००३ च्या हैदराबादच्या आफ्रो-आशियाई स्पर्धेत शोभा पहिली आली. मार्च २००४ मध्ये दिल्लीत तिने ६२११ गुणांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि त्यानंतर वीस वर्षे लोटली तरी तो कोणाला मोडता आला नव्हता. २००६ साली दोहा येथे पुन्हा सोमा दुसरी, शोभा तिसरी. दोघींत १३ गुणांचे अंतर. त्या वेळी पहिली आलेली कझाकस्तानची ओल्गा रिपाकोवा पुढे २०१२ साली लंडनला तिहेरी उडीत ऑलिंपिक विजेती झाली. आमच्या दोघी मात्र होत्या तेथेच राहिल्या.

वीस वर्षे विक्रम टिकतो, याचा अभिमान वाटून घ्यायचा की चिंता करायची? एखाद्या जिल्ह्यात एका शेतकऱ्याने काढलेले उत्पन्न वीस वर्षे कोणाला काढता आले नाही, तर आपण त्या शेतकऱ्याचा सत्कार जरूर करू. परंतु कृषी खात्याला जाब विचारल्यावाचून राहणार नाही. क्रीडाक्षेत्रात मात्र सत्कारावरच थांबण्याची आपल्याला सवय झाली आहे.

या सत्काराचेही एक अर्थशास्त्र आहे. २०१८ साली स्वप्नाने सुवर्ण जिंकले तेव्हा तिच्या राज्याच्या सरकारने १० लाख रुपये आणि नोकरी जाहीर केली. त्याच स्पर्धेत ओडिशाने आपल्या धावपटूला एका रौप्यपदकासाठी दीड कोटी दिले आणि हरियाणाने सुवर्णविजेत्यांना प्रत्येकी तीन कोटी. श्रम तेच, मैदान तेच, पदकाचा धातू तोच. किंमत मात्र जन्माच्या राज्यावर ठरली. पण माझा मुख्य आक्षेप या विषमतेवरही नाही. दहा लाख असोत वा तीन कोटी, ही सर्व रक्कम विजयानंतरची आहे. दहा-बारा वर्षांची गुंतवणूक, तिच्यातील सर्व जोखीम, दुखापत झाल्यास सर्व तोटा हे देशातील सर्वांत दुबळ्या कुटुंबाने सोसायचे. आणि माल तयार झाला, बाजारात त्याची किंमत ठरली, की शासनाने धनादेश घेऊन छायाचित्रासाठी उभे राहायचे. सावकारसुद्धा पेरणीच्या वेळी कर्ज देतो. आमचे शासन सुगीनंतर हार घेऊन येते. स्वप्नाच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटे. तिच्या मापाचे बूट मिळत नसत आणि अरुंद बुटांत पाय कोंबून ती सराव करी. तिच्यासाठी खास बूट बनवण्याची तयारी दाखवली गेली ती सुवर्णपदकानंतर. ज्या काळात पाय दुखत होता त्या काळात तो पाय कोणाचाच नव्हता.

आता सार्वजनिक खर्चाकडे वळू. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात युवक व क्रीडा मंत्रालयासाठी सुमारे ३,७९४ कोटी रुपये होते. एकूण अर्थसंकल्प सुमारे ५० लाख ६५ हजार कोटींचा. म्हणजे शंभर रुपयांतील साडेसात पैसे. आणि या साडेसात पैशांत केवळ खेळ नव्हे, युवक कल्याणही आले. ‘खेलो इंडिया’च्या वाट्याला त्यातील १,००० कोटी. या तुटपुंज्या ताटात आता जागतिक स्पर्धांचा पाहुणा येऊन बसणार आहे. तो काय खातो, हे आपण एकदा पाहिले आहे. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी डिसेंबर २००२ मध्ये १,२०० कोटींचा अंदाज होता. महालेखापालांच्या २०११ च्या अहवालात तो साडेअठरा हजार कोटींवर गेल्याची नोंद आहे. पंधरापट. आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की, दिल्लीतील अनुसूचित जातींच्या विकासासाठी राखून ठेवलेला शेकडो कोटींचा निधी या स्पर्धेच्या कामांकडे वळवला गेला. तत्कालीन गृहमंत्र्यांना २०१० मध्ये ते राज्यसभेत मान्य करावे लागले. ज्यांच्या मुली उद्या भाला फेकणार होत्या, त्यांच्याच वाट्याच्या पैशातून प्रेक्षागारे सजली.

दिल्लीच्या त्या स्पर्धेत भारतीय स्त्रियांनी थाळीफेकीत आणि ४ × ४०० मीटर रिलेत सुवर्णपदके मिळवली, मायदेशी प्रेक्षकांसमोर मिळवली आणि तो आनंद खोटा नव्हता, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. माझे म्हणणे एवढेच की, प्रेक्षागार हे खेळाडूचे उत्पादन करीत नाही. ते त्याचे प्रदर्शन करते. कारखाना न उभारता दुकानाची इमारत संगमरवरी करण्याला कोणी औद्योगिक विकास म्हणणार नाही. बुसानला हरवलेले १२ गुण अहमदाबादच्या प्रेक्षागारात सापडणार नाहीत. ते हरवले आहेत कुंदगोळात, राणाघाटात, जलपैगुडीत. आमच्याकडे मंगळवेढ्यात आणि अक्कलकुव्यात.

येथे मला आपल्याच मंडळींशीही दोन शब्द बोलायचे आहेत. खेळ ही भरल्या पोटाची करमणूक आहे, पदकांचा गाजावाजा ही राज्यकर्त्यांनी रचलेली राष्ट्रवादी सर्कस आहे आणि समाजवाद्यांनी त्यात पडू नये, असे मानणारे कार्यकर्ते आपल्यात आहेत. सर्कशीबद्दल त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु मैदान म्हणजे सर्कस नव्हे. सेवादलाच्या शाखेच्या मैदानावर ज्यांचे बालपण गेले, त्यांना तरी हे सांगायला नको. शाळा, ग्रंथालय, दवाखाना, पाणवठा यांच्याच रांगेत मैदान बसते: जे एकट्याच्या ऐपतीने मिळत नाही आणि सर्वांनी मिळून केले तरच सर्वांचे होते. धनिकाच्या मुलीला क्लब आहे, तरणतलाव आहे, खासगी मार्गदर्शक आहे. मजुराच्या मुलीला सार्वजनिक मैदान नसेल तर काहीच नाही. आणि मुलींच्या बाबतीत तर मैदान हे घराबाहेर पडण्याचे, आपले शरीर आपले आहे हे ओळखण्याचे पहिले ठिकाण असते.

दुसरी गोष्ट रोजगाराची. शोभा धावली, कारण तिच्यामागे रेल्वेची कायम नोकरी होती. पी. टी. उषाही रेल्वेचीच. रेल्वेचे क्रीडा मंडळ १९२८ पासून चालत आले आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या गरीब घरांतील मुलींना खेळासाठी उसंत मिळाली ती अशा सार्वजनिक उपक्रमांमुळे. २०२३ साली हांगझौला कांस्य आणि २०२५ साली गुमीच्या आशियाई अजिंक्यपदात ५९४१ गुणांनी सुवर्ण मिळवणारी नंदिनी अगसरा हीदेखील तेलंगणच्या समाजकल्याण निवासी विद्यालयात शिकलेली, चहाचे दुकान चालवणाऱ्याची मुलगी. रेल्वे, क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र, समाजकल्याणाचे वसतिगृह: या तिन्ही खेळाडूंना उभे करणारा पाया सार्वजनिक आहे. बाजाराने त्यांना घडवले नाही. बाजार त्यांच्याकडे आला तो पदकानंतर. तेव्हा सार्वजनिक उपक्रमांतील कायम जागा कंत्राटी होतात, निवासी शाळांचे अनुदान रखडते, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक मानधनावर नेमले जातात, त्या वेळी केवळ कामगारांचे हक्क जातात असे नाही. पुढची शोभाही जाते. कामगार संघटनांनी हा मुद्दा आपल्या मागण्यांत धरावयास हवा.

जर-तरच्या गणिताने इतिहास बदलत नाही. तरीही एक बेरीज करून पाहावीशी वाटते. अथेन्सला शोभाने स्वप्नाइतकी, म्हणजे १.८२ मीटर उंच उडी मारली असती, तर तिचे गुण ६३५७ झाले असते आणि कांस्यपदक अवघ्या ६७ गुणांवर आले असते. दुखऱ्या पायाच्या त्या अखेरच्या शर्यतीत कांस्यविजेती तिच्यापुढे गेली होती ७१ गुणांनी.

म्हणून कार्यकर्त्यांनी येत्या काळात आपापल्या तालुक्यात चार गोष्टींची चौकशी करावी. शासकीय क्रीडासंकुल म्हणून कागदोपत्री जे आहे, तेथे उंच उडीची गादी प्रत्यक्ष आहे काय, आणि असल्यास ती मुलींसाठी उघडी असते की कुलपात? शाळांमधील शारीरिक शिक्षण शिक्षकाची किती पदे रिक्त आहेत? मैदान म्हणून आरक्षित असलेल्या जमिनींपैकी किती जमिनी बांधकामाकडे गेल्या? सराव करताना हात-पाय मोडलेल्या मुलीच्या उपचारांचा खर्च कोण देते? ही माहिती गोळा करून ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत आणि विधिमंडळात मांडावी. मोठ्या स्पर्धांच्या बांधकामावर जेवढा रुपया खर्च होईल तेवढाच रुपया तालुक्याच्या मैदानावर खर्च झाला पाहिजे आणि कोणत्याही वंचित घटकाचा राखीव निधी पुन्हा या कामाकडे वळता कामा नये, ही आपली मागणी असावी.

२०३० च्या उद्घाटनाला व्यासपीठावर कोण बसणार, याची चिंता करणारे पुष्कळ आहेत. आपण गादीची चिंता करू. सत्तेच्या नव्हे, उंच उडीच्या.